नाकारलेला आवाज

पुरुषोत्तमनगर, ता. शहादा
६ ऑगस्ट २०२४

चि. रविनास आशीर्वाद.

परवा रविवारी फोनवर तू रडत रडत "मी परत येते" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. रडणाऱ्या माणसाशी मला फोनवर बोलता येत नाही. पत्रात तू मला मध्येच अडवू शकत नाहीस. उत्तरही पत्रानेच पाठव, आणि शुद्ध लिही.

तुझ्या तक्रारी मला समजल्या त्या अशा: वर्गातल्या मुली भराभर इंग्रजी बोलतात, त्यांच्या घरी पहिल्यापासून कॉम्प्युटर आहे, सरांनी सांगितलेलं तुला दुसऱ्या दिवशी समजतं, आणि मेसची भाजी गोड असते. भाजीबद्दल मला काही करता येणार नाही.

बाकीचं ऐक. सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरायला बऱ्याच वाटा आहेत. कुणी बारावीनंतर इंजिनीअरिंगला जातं, कुणाला कंपनी कॉलेजातूनच उचलून नेते, कुणाचा मामा आधीच आत बसलेला असतो. तुझ्यासाठी यातली एकही वाट नव्हती. तू शहाद्याला राहून बी.सी.ए. केलंस. मी गृहपाल होते तेव्हा आपल्या वसतिगृहात एकच कॉम्प्युटर होता, त्यावर पाळी लावून तू टायपिंग शिकलीस. आता कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या संस्थेने तुला निवडलं आहे. सहा महिने पुण्यात राहून शिकायचं, जानेवारीत परीक्षा द्यायची, पास झालीस तर नोकरी. ही वाट सोडलीस तर पुन्हा सापडणार नाही. घरी येऊन काय करशील? पुढच्या वर्षी लग्न, त्याच्या पुढच्या वर्षी गुजरातेत ऊसतोड.

तुझी आई बाजाराला आली होती, तेव्हा माझ्याकडे येऊन गेली. नेहमीप्रमाणे पायरीवर बसली; खुर्ची दिली तरी बसत नाही. मी विचारलं, "दिवलीबाई, रविनाला परत बोलवायचं का?" मराठी तिला बेताचंच येतं, पण एवढं कळलं. अंगणातली कोंबडी हाकलावी तसा हात झटकून म्हणाली, "नाय, नाय."

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बेबीबाईने मात्र तुझी बाजू घेतली. "पोर शे ती बाई, लाकूड नही. रडू द्या ना तिले."

मी म्हटलं, रडू दे, पण तिथेच बसून.

तुझी,
हेमलता देवरे

*

पुणे
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी आणखी रडले, मग हसले. तिथेच बसून रडते आहे. परत येत नाही.

एक गंमत सांगते. या आठवड्यात सरांनी लूप शिकवलं. म्हणजे एखादी गोष्ट संपेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायला कॉम्प्युटरला सांगायचं. सर इंग्रजीत बरंच बोलले आणि अचानक मला म्हणाले, तू सांग. मला शब्दच सुचेनात. मग मी मराठीत सांगितलं: माझी आई घट्टीवर ज्वारी दळते. सुपात दाणे आहेत तोवर मूठ भरायची, घट्टीत टाकायची, फिरवायची. सूप रिकामं झालं की थांबायचं. आणि सूप रिकामं झालं का, हे दर वेळी बघायला विसरलं तर घट्टी रिकामीच फिरत राहील. सर म्हणाले, करेक्ट. माझ्या खोलीतली गायत्री तळोद्याची आहे, ती मागून म्हणाली, "तुन्ही मायलेच बलाव ना इथं, आपण घर जाऊत."

दुसरी गोष्ट कामाची आहे. शिकता शिकता आम्हाला सरावाचं कामही देतात. कॉम्प्युटरला आपल्या बोली समजाव्यात म्हणून खेड्यापाड्यांतल्या माणसांचे आवाज गोळा करतात. आम्ही ते ऐकतो, स्वच्छ आहे का ते ठरवतो आणि लिहून काढतो. आमची पावरी बोली येणारी इथे मी एकटीच, म्हणून सगळे पावरी आवाज माझ्याकडेच येणार आहेत. गोळा करायला तिकडचं विश्वासू माणूस हवं होतं. मी तुमचं नाव दिलं. रागावू नका.

आमच्या पाड्यावर जाल का? आईला बोलायला सांगाल का? पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे तिचा आवाज कानावर येऊन खूप दिवस झाले.

तुमची,
रविना

*

पुरुषोत्तमनगर
२९ सप्टेंबर २०२४

चि. रविनास आशीर्वाद.

न विचारता नाव दिलंस याबद्दल रागावलेच होते. तरी काम केलं आहे.

दलसिंगच्या जीपने धडगावच्या पुढे गेले आणि तिथून पायी. गुडघ्यांनी तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या. तुझ्या अंगणात सगळा पाडा जमला होता. मी संस्थेच्या सूचना वाचून दाखवल्या. एकाने विचारलं, "बाई, हे ऐकणार कोण?" मी म्हटलं, मशीन. त्यावर बरीच चर्चा झाली आणि सगळे हसले. का हसले ते मला कळलं नाही. इतकी वर्षं तुमच्या मुली सांभाळल्या, पण वसतिगृहात नियम मराठीचा होता. तुमची बोली मला येत नाही.

तुझे वडील बोलायला तयार झाले नाहीत. "मशीनसंगे मी काय बोलू?" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. तुझी आई मात्र पहिली येऊन बसली. आधी यंत्र समजावं म्हणून माझ्याच फोनवर थोडी चाचणी घेतली. तिला हसू आवरेना. हसू नका, नाव सांगा, असं दोनदा बजावावं लागलं. मग संस्थेच्या अ‍ॅपवर नीट बोलली.

तिला खोकला आहे. चुलीच्या धुराचा असेल असं ती म्हणते. मला तो आवडला नाही. धडगावच्या दवाखान्यात दाखवा असं तुझ्या वडिलांना बजावलं आहे.

सगळे आवाज शहाद्याहून पाठवले आहेत. पोचल्याचं कळव.

हेमलता देवरे

*

पुणे
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाईंना नमस्कार.

आवाज पोचले. आईचाही आला. आणि बाई, मला तो नाकारावा लागला.

नियम असा आहे की बोलण्यावर खोकला चढला की क्लिप खराब धरायची. आई मध्येमध्ये सारखी खोकते आहे. मी आमच्या मॅडमना विचारलं, ही माझी आई आहे, ठेवता येईल का? त्या चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, सगळ्यांना एकच नियम. कामाच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून उतरवूनही घेता आली नाही. मी ती पुन्हा पुन्हा ऐकली, गायत्रीलाही हेडफोन लावून ऐकवली, आणि मग 'नाकारा' हे बटण दाबलं.

प्रश्न होता, तुम्ही सकाळी काय काय करता? आई म्हणते, उठते, कोंबड्या सोडते, चूल पेटवते, मग रविनाला हाक मारते. हाक मारून झाल्यावर आठवतं, ती इथे नाही. मग तिच्या वाटची भाकर कुत्र्याला घालते. एवढं बोलून ती हसते आणि लगेच खोकला सुरू होतो.

ती बरी झाली की पुन्हा एकदा तिचा आवाज घ्याल का? तेव्हा नक्की पास करीन. दवाखान्यात दाखवलं का? दिवाळीला येऊन बघून जावं असं वाटतं, पण सुट्टीत जादा तास आहेत. तुम्हीच कळवा.

तुमची,
रविना

*

पुरुषोत्तमनगर
१२ नोव्हेंबर २०२४

गृहपाल श्रीमती मीनाबाई यांना,
मुलींचे वसतिगृह, पुणे

नमस्कार. आपली ओळख नाही. आपल्याकडच्या रविना पावरा या मुलीची मी जुनी गृहपाल.

तिच्या आई दिवलीबाई शनिवारी नंदुरबारच्या दवाखान्यात वारल्या. फुप्फुसं आधीच निकामी झाली होती. दिवाळी संपता संपता त्यांना धडगावहून खाली आणलं. गाडी मी केली आणि शेवटपर्यंत तिथे होते. डॉक्टरांनी करायचं ते केलं. उशीर आमच्याकडून झाला होता.

रविनाला हे कळवलेलं नाही. तिच्या वडिलांशी, नवलसिंगांशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलले. मी त्यांना विचारलं, रविना आत्ता आली तर परत जाईल का? घरात चुलीपाशी आता दुसरी बाई नाही, धाकटी भावंडं लहान आहेत. मी म्हटलं, जानेवारीत परीक्षा आहे, तोवर सांगायचं नाही, मला वचन द्या. शेवटी ते म्हणाले, "फोनवर नाय सांगणार." पाड्यावरच्या, रेंजमध्ये जाऊन फोन करणाऱ्या पोरांनाही ताकीद दिली आहे.

आपण एवढंच करा: घरून कुणाचा निरोप आला तर आधी मला कळवा. निर्णय माझा आहे, जबाबदारीही माझी.

हेमलता देवरे

*

पुरुषोत्तमनगर
१ डिसेंबर २०२४

चि. रविनास आशीर्वाद.

आईला दवाखान्यात दाखवलं. औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून तिचा आवाज इतक्यात घेता येणार नाही. घरी सगळं ठीक आहे. तू अभ्यास कर.

संस्थेने आणखी आवाज मागवले, म्हणून परवा पुन्हा पाड्यावर जाऊन आले. या वेळी तुझे वडील आपणहून पुढे आले. मला विचारलं, "हे मशीन ऐकते, का रविना?" मी म्हटलं, पावरी तिच्याशिवाय तिथे कुणाला येते? तीच ऐकणार. प्रश्न पिकापाण्याचा होता. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागले. एकदाही अडखळले नाहीत. मशीनसंगे काय बोलू म्हणणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसेना. मध्येच थांबले. मला वाटलं झालं, म्हणून मी हात पुढे केला, तर मानेने नाही म्हणाले आणि तसेच फोन धरून बसून राहिले. बाकीचेही चुळबुळ न करता बसले होते. बायकांनी पदर तोंडावर घेतले होते. ऊन फार होतं.

नंतर मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, "ज्वारीचं."

क्लिप स्वच्छ आहे, खोकला नाही. ही तुला नाकारावी लागणार नाही.

हेमलता देवरे

*

पुणे
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय बाईंना नमस्कार.

बाबांची क्लिप मिळाली. आवाज स्वच्छ आहे. स्वीकारली.

अभ्यास चालू आहे. सराव परीक्षेत बरे गुण पडले. इथे थंडी आहे.

तुमची तब्येत सांभाळा.

रविना

*

पुरुषोत्तमनगर
२४ डिसेंबर २०२४

चि. रविनास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून समाधान वाटलं. पहिल्यांदाच तू कामाचं तेवढंच लिहिलंस. घरची चौकशी नाही, रडणं नाही. ऑगस्टमधली मुलगी ती हीच का, असा प्रश्न पडला. माणूस बाहेर पडल्याशिवाय घट्ट होत नाही, हे मी वसतिगृहात नेहमी सांगत असे.

बेबीबाईला पत्र वाचून दाखवलं. ती भांडी घासायची थांबली आणि म्हणाली, "बाई, पोरगी इतली गुपचूप काबर हुई गयी?" तिला अभ्यास म्हणजे काय हे ठाऊक नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वेळेवर झोप. इंग्रजी प्रश्न दोनदा वाच.

हेमलता देवरे

*

पुणे
२८ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

मी पास झाले. नोकरी मिळाली. सॉफ्टवेअर तपासायचं काम आहे, मार्चपासून रुजू व्हायचं. ही बातमी तुमची आहे, म्हणून आधी लिहिली.

आता माझी. आई गेल्याचं मला डिसेंबरपासून माहीत आहे. बाबांनी सांगितलं. तुमच्या समोर बसून सांगितलं. त्या क्लिपमधलं बोलणं मला नियमाप्रमाणे लिहून काढावं लागलं. त्याचं मराठी करून देते, म्हणजे तुम्हालाही कळेल.

"रविना, मी तुझा बाबा बोलतो. बाई समोर बसली आहे, तिला आपलं बोलणं येत नाही. फोनवर सांगणार नाही असं मी तिला म्हटलं होतं. हे फोनवर नाही, हे मशीनला सांगतो, मशीन तुला सांगेल. तुझी आई गेली. ज्वारी कापायच्या आधी गेली. नंदुरबारला नेलं होतं. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण हात असा हलवत होती, कोंबड्या हाकलल्यासारखा. मला वाटतं, तुला येऊ नको म्हणत होती. तिला पाड्यावर आणून माती दिली. तिचं कार्य थांबवलं आहे, तू आल्यावर करू. भावंडांना तुझी काकू बघते. बाईवर रागावू नको. ती दवाखान्यात खाली फरशीवर बसून होती. तिला वाटू दे की तुला माहीत नाही; नाहीतर तिला वाटेल की तू परीक्षा देणार नाहीस. परीक्षा दे, मग ये. आता रडून घे. मी थांबतो."

आणि बाई, मग बाबा थांबले आहेत. त्या क्लिपमध्ये पुढे कुणीच बोलत नाही. कोंबडा आरवतो. कुणीतरी नाक ओढतं. मग एकदा तुमचा आवाज येतो, "झालं का?", आणि पुन्हा शांतता. एवढी लांब शांतता असली तर ती कापून टाकायची, असा इथला नियम आहे. मी कापली नाही. हेडफोन लावून, पडद्याकडे बघत, संपेपर्यंत रडून घेतलं. आजूबाजूला सगळे टाइप करत होते. मग बाबा म्हणतात, "झालं? आता काम कर." आणि क्लिप संपते.

बाबांनी सांगितलं म्हणून तुमच्यावर रागावत नाही. पण ऊन फार होतं म्हणून बायकांनी पदर घेतले नव्हते.

आईची क्लिप परत मिळावी म्हणून अर्ज केला होता. नाकारलेले आवाज महिनाअखेरीला पुसून टाकतात. बटण मीच दाबलं होतं. तिचा दुसरा आवाज कुठेही नाही.

फेब्रुवारीत कार्यासाठी येते आहे. तुमच्याकडे आईच्या वस्तू आहेत असं काकूने कळवलं. येताना त्या घेऊन जाईन.

रविना

*

पुरुषोत्तमनगर
१६ फेब्रुवारी २०२५

रविना,

हे पत्र टपालात टाकत नाही. तू आलीस की वस्तूंबरोबर हातात देणार आहे. समोर मला नीट बोलता येणार नाही.

आईच्या शेवटच्या दिवसांत तू तिच्याजवळ असायला हवी होतीस की पुण्यात, हा प्रश्न मी एकटीने सोडवला. उत्तर बरोबर आलं असं आजही काही दिवस वाटतं, काही दिवस वाटत नाही. पाड्यावरच्या प्रत्येक माणसाला जे समजत होतं, ते तिथे एकट्या मला समजलं नाही, आणि मी त्या फोनसमोर हात पुढे केला. तुझे वडील मानेने नाही म्हणाले, ते मला रोज दिसतं. यावर आणखी लिहिणार नाही. लिहिलं तर ते तुझ्यासाठी नसेल.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. तिचा दुसरा आवाज कुठेही नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला ती चाचणी आठवली. यंत्र समजावं म्हणून माझ्या फोनवर घेतली होती ती. मी पुसायची विसरले होते. शोधली, ऐकली. थोडीशीच आहे. ती काहीतरी बोलते, हसते, पुन्हा काहीतरी सांगायला लागते, आणि नेमका तेव्हाच तिच्या बोलण्यावर माझा आवाज चढतो: "हसू नका, नाव सांगा." असं दोनदा. माझ्या आवाजाखाली ती काय म्हणते ते मला समजत नाही. तुला समजेल. तू आता यातलं शिकली आहेस. माझा आवाज काढून टाकता आला तर काढून टाक.

सोबत दिलेल्या वस्तू:

चांदीची हासळी, एक. दवाखान्यात गळ्यातून काढली, तेव्हापासून माझ्या कपाटात.
चांदीचे वाळे, एक जोड.
हिरवं लुगडं, धुतलेलं.
दवाखान्याची कागदपत्रं, एक फाइल.
पितळी डबी, तंबाखूची. आत तुझा शाळेतला फोटो आहे. मी तो हलवलेला नाही.
मेमरी कार्ड, एक. त्यात वर लिहिलेला आवाज.

देणार: हेमलता देवरे

वस्तू मिळाल्या. कार्ड तुमच्याच ओट्यावर बसून ऐकलं. आई म्हणते, "माझं नाव रविनाला माहीत आहे, तिलाच विचारा." तुमचा आवाज काढला तर त्याखालचे हे शब्दही जातात. म्हणून काढणार नाही.

घेणार: रविना नवलसिंग पावरा